दिल्ली बघायची की दिल्लीकरांना भेटायचं?

महाराष्ट्रातून दिल्लीला येणाऱ्या कितीतरी गाड्या ज्या स्टेशनवर थांबतात, त्याचं नाव हजरत निजामुद्दीन. मिरज, सातारा, पुणे, मनमाड करत येणारी गोवा एक्स्प्रेस इथंच संपते. मुंबईची ऑगस्ट क्रांती राजधानीही इथंच येते. गाडीतून उतरायचं, डाग मोजायचे, मुलांचे हात घट्ट धरायचे, 'टॅक्सी, टॅक्सी' करत अंगावर येणाऱ्यांना चुकवायचं आणि करोलबाग नाहीतर पहाडगंजचं हॉटेल गाठायचं. मग पुढचे चार दिवस कार्यक्रम ठरलेला. कुतुबमिनार, इंडिया गेट, राजघाट, लोटस टेंपल, अक्षरधाम आणि एक दिवस मथुरा-आग्रा. पाचव्या दिवशी पुन्हा तेच स्टेशन. तिकिटावर जाताना आणि येताना असं दोनदा छापलेलं हे नाव कुणाचं, हे विचारायला सवड कुणाला असते?

हजरत निजामुद्दीन औलिया हे सुफी संत १३२५ मध्ये वारले. त्यांच्या दर्ग्याभोवती सातशे वर्षांपासून नांदती वस्ती आहे. तिला इथं सगळे 'बस्ती' म्हणतात. स्टेशनपासून ती फार लांब नाही. मथुरा रोडच्या एका बाजूला हुमायूनचा मकबरा आणि दुसऱ्या बाजूला ही बस्ती. मकबऱ्याशी बस थांबते, फोटो निघतात. रस्ता ओलांडायचा विषय निघाला की मात्र ड्रायव्हर किंवा बसमधलाच कुणी जाणकार सांगतो, ''तिकडे नका जाऊ, तो एरिया बरोबर नाही.''

हे वाक्य दिल्लीत अनेक भागांबद्दल ऐकू येतं. पहाडगंजच्या मागच्या गल्ल्या, जामा मशिदीचा परिसर, सीलमपूर, यमुनेपलीकडच्या वसाहती. सांगणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो, पाहुण्यांची काळजीच असते. पण चार दिवस दिल्ली बघून परतलेलं कुटुंब आपल्यासोबत लाल दगडाच्या इमारतींचे फोटो आणि न पाहिलेल्या माणसांबद्दलची भीती एवढंच घेऊन जातं. ही भीती पुढे गावी सांगितली जाते, मुलांच्या कानावर पडते. पुढे कधी त्या वस्तीचं नाव बातमीत आलं की ती वर येते.

पर्यटनानं माणसं जवळ येतात असं आपण शाळेपासून वाचत आलो. संयुक्त राष्ट्रांनी १९६७ हे आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष पाळलं, तेव्हा 'पर्यटन म्हणजे शांततेचा पासपोर्ट' अशी घोषणा होती. २०२४ च्या जागतिक पर्यटन दिनाचा विषयही 'पर्यटन आणि शांतता' असाच होता. घोषणा चांगल्या आहेत. परंतु बसच्या काचेआडून शहर पाहणारा पर्यटक आणि रस्त्यावरून त्या बसकडे पाहणारा माणूस, यांच्यात कसला पासपोर्ट चालणार? जवळीक होते की दुरावा वाढतो, हे पर्यटनाचा धंदा कसा केला जातो यावर अवलंबून असतं. दिल्लीत दोन्ही तऱ्हेचे धंदे चालतात.

कमिशनची दिल्ली

आधी नेहमीच्या धंद्याबद्दल. समजा, ठाण्याच्या एका कुटुंबानं दिल्ली-आग्र्यासाठी गाडी ठरवली. वाटेत ड्रायव्हर एका एम्पोरियमसमोर गाडी उभी करतो. ''घ्यायलाच पाहिजे असं नाही, नुसतं बघून या'' म्हणतो. आत थंडगार हवा, सरबत, संगमरवरी ताजमहाल, जयपुरी रजया. दोन हजारांची वस्तू घासाघीस करून बाराशेला मिळाल्याच्या आनंदात वहिनी बाहेर येतात. त्या बाराशेत ड्रायव्हरचं कमिशन आधीच धरलेलं असतं, गाडी पुरवणाऱ्याचंही असतं. वस्तू बनवणाऱ्या कारागिराच्या हातात काय पडलं असेल, ते किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. तीच वस्तू पुढे रस्त्यावर सातशेला दिसली की आनंद संपतो आणि गाडीत एकच सूर लागतो, ''दिल्लीचे लोक लबाड!''

खरं तर त्या कुटुंबाला चार दिवसांत दिल्लीचे लोक भेटलेलेच नसतात. भेटलेली असते ती कमिशनची साखळी. ड्रायव्हरचा पगार इतका कमी ठेवलेला असतो, की कमिशनशिवाय त्याचं घर चालू नये. म्हणून तो गाडी थांबवतो. कनॉट प्लेसमध्ये तर सरकारी पर्यटन कचेरी असल्याचा बहाणा करणारी खासगी दुकानं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. खरी सरकारी कचेरी ८८, जनपथ इथं आहे, पण तिथं पोहोचायच्या आतच ''ती बंद आहे, मी दुसरीकडे नेतो'' म्हणणारा रिक्षावाला भेटतो. (पर्यटन मंत्रालयाचा १३६३ हा मदतीचा फोन २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यावर हिंदी, इंग्रजीसह बारा भाषांची सोय होती. अरबी, जपानी, कोरियन होत्या, मराठी नव्हती. देशात इतकं फिरणाऱ्या मराठी माणसानं याचं वाईट वाटून घ्यायला हरकत नाही.)

ही साखळी तोडता येते. दिल्ली पर्यटन विभागानं १९९४ मध्ये आयएनए बाजारासमोर दिल्ली हाट सुरू केली, तेव्हा कल्पना अगदी साधी होती. देशभरातल्या कारागिरांना थोड्या भाड्यात पंधरा-पंधरा दिवसांसाठी गाळा द्यायचा, म्हणजे विणणारा आणि नेसणारी यांच्यामध्ये तिसरा कुणी नको. पुढे तिथंही व्यापाऱ्यांनी शिरकाव केल्याच्या तक्रारी झाल्या. तरीही मधुबनीचं चित्र काढणारी बाई स्वतःच चित्राचा अर्थ सांगते, हा अनुभव एम्पोरियममध्ये मिळत नाही. आपल्या माणसांनी तिथं घासाघीस जरा हात राखून करावी, एवढंच सुचवावंसं वाटतं.

आधी स्वच्छतागृह, मग पाहुणे

आता निजामुद्दीनकडे वळू. हुमायूनच्या मकबऱ्याला १९९३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नंतर आगाखान ट्रस्टनं तिथली बाग पूर्ववत केली. ते काम २००३ मध्ये संपलं. एवढ्यावर थांबले असते तर एक सुंदर बाग आणि रस्त्यापलीकडे एक गलिच्छ वस्ती असं चित्र कायम राहिलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक 'सुशोभीकरणा'चं तेच होतं. आत हिरवळ, बाहेर पत्र्याचं कुंपण.

इथं तसं झालं नाही. २००७ मध्ये पुरातत्त्व खातं, केंद्रीय बांधकाम खातं, दिल्ली महानगरपालिका आणि आगाखान ट्रस्ट यांनी एकत्र करार केला, आणि त्यात मकबऱ्याबरोबर बस्तीही आली. पालिकेची शाळा दुरुस्त झाली, दवाखाना सुधारला. सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधली आणि ती चालवायला बस्तीतल्याच लोकांना पुढे केलं. बायकांना मोकळेपणी बसता यावं म्हणून त्यांची वेगळी बाग केली. दर्ग्याला लागून जुनी बावली आहे, म्हणजे आपल्याकडची बारव. २००८ मध्ये तिची एक बाजू कोसळली. ती बांधून काढायची तर वर घरं करून राहिलेल्या कुटुंबांना हलवणं भाग होतं. त्यांना दुसरीकडे घरं देऊन, समजूत घालून हे काम झालं. बुलडोझर लावून ते चार दिवसांत झालं असतं, पण मग पुढची वीस वर्षं त्या बावलीकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडे बस्तीनं दातओठ खाऊनच बघितलं असतं.

या सगळ्यात पर्यटन कुठं आलं? ते नंतर आलं, आणि हा क्रमच आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. राहणाऱ्यांना जिथं नळ आणि संडास नाही, तिथं पाहुण्यांसाठी रोषणाई केली की चीड येणारच. इथं घरची कामं आधी मार्गी लागली आणि मग बस्तीतल्याच तरुण मुलामुलींनी गाइड व्हायचं शिक्षण घेतलं. 'सैर-ए-निजामुद्दीन' नावाचा त्यांचा गट पाहुण्यांना बस्तीतून पायी फिरवू लागला. मकबऱ्यावरची निळी-हिरवी फरशी बनवण्याची कला आपल्याकडे लोपली होती. त्यासाठी उझबेकिस्तानातून कारागीर आले आणि त्यांनी बस्तीतल्या पोरांना ती शिकवली. मकबऱ्याचं काम २०१३ मध्ये पूर्ण झालं. जी इमारत आतापर्यंत रस्त्यापलीकडची, सरकारची, तिकिटवाल्यांची होती, तिच्यावर आपल्या हातची फरशी बसलेली पाहणं म्हणजे काय, ते त्या पोरांच्या घरच्यांना विचारायला हवं.

स्वयंपाकघरातून उघडलेलं दार

आमच्या वाचक भगिनींना यातला पुढचा भाग अधिक जवळचा वाटेल. बस्तीतली मुलं दुपारच्या सुट्टीत पुड्यांमधलं तळकट खातात आणि अशक्त राहतात, हे काही वर्षांपूर्वी लक्षात आलं. त्यावर आयांनीच घरी पौष्टिक खाऊ करून द्यायला सुरुवात केली. त्यातून २०१२ मध्ये 'जायका-ए-निजामुद्दीन' हा महिलांचा गट उभा राहिला. पिढ्यान् पिढ्या घरात शिजणारे कबाब, कोरमा, बिर्याणी आता ऑर्डरप्रमाणे बाहेर जाऊ लागले. ज्या बायकांचं जग चार गल्ल्यांपुरतं होतं, त्या महोत्सवांमध्ये गाळा मांडून बसू लागल्या, हिशेब ठेवू लागल्या. बचत गट चालवणाऱ्या आपल्याकडच्या कुणाही बाईला हे ओळखीचं वाटेल. पहिल्या महिन्यात घरातून विरोध, सहाव्या महिन्यात कुरकुर, आणि मुलांच्या फीचे पैसे त्यातून भरले गेले की सगळे गप्प!

दुसरा गट 'इन्शा-ए-नूर'. यातल्या बायका आरी भरतकाम, क्रोशाकाम आणि कागदकाम करतात. हे कागदकाम म्हणजे सांझी. कात्रीनं कागद कोरून जाळी काढायची ही मथुरेची कला. कृष्णाच्या देवळांत जमिनीवर रांगोळी काढण्यासाठी या जाळ्या वापरत. आता निजामुद्दीनच्या बस्तीत मुसलमान बायका ती कोरतात आणि त्यापासून दिवे, शुभेच्छापत्रं तयार होतात. आपल्या सहलीत मथुरा असतेच. मथुरेची ही वस्तू निजामुद्दीनमध्ये घेता येते, हे मात्र टूरच्या छापील पत्रकात कुठं सापडायचं नाही.

याच दर्ग्यात वसंत पंचमीला पिवळी फुलं वाहून, पिवळे फेटे बांधून वसंत साजरा होतो. अमीर खुस्रोच्या काळापासूनची ही रीत असल्याचं सांगतात. मेहरौलीतली 'फूलवालों की सैर' अशीच. फुलांचा पंखा ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यातही जातो आणि योगमायेच्या देवळातही. १९४२ मध्ये इंग्रजांनी ती बंद पाडली, स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या पुढाकारानं पुन्हा सुरू झाली. अशा गोष्टी ऐकून डोळे भरून येणारे पुष्कळ असतात. आमचा भर मात्र भावनेपेक्षा रोजच्या व्यवहारावर आहे. सणाला वर्षातून एकदा गळाभेट होते, व्यवहार रोज व्हावा लागतो.

सगळंच गोड आहे असं नाही. दर्ग्याच्या गल्लीत ''चपला इथं ठेवा, चादर घ्या, फुलं घ्या'' असा तगादा असतो. तिथं न घेता हसून पुढे गेलं तरी चालतं. दर्ग्याच्या मुख्य गाभाऱ्यात बायकांना प्रवेश नाही, बाहेरच्या जाळीपाशीच थांबावं लागतं. पुण्यात कायदा शिकणाऱ्या काही मुलींनी २०१८ मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली होती. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर जी चूक होती तीच ही आहे, आणि ती चूक म्हणायला पाहुण्यानं संकोचू नये. मैत्री म्हणजे दुसऱ्याचं सगळं मान्य करणं नव्हे.

मार्च २०२०

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ सुरू होत असताना याच बस्तीचं नाव देशभर गाजलं. तबलीगी जमातचं मुख्यालय, म्हणजे मरकज, इथंच आहे. तिथं जमलेल्या लोकांमध्ये साथ पसरल्याचं उघड झालं, गल्ल्या बंद झाल्या, आणि वाहिन्यांवर काही दिवस दुसरा विषय नव्हता. मेळावा घेण्यात मरकजच्या व्यवस्थापकांनी बेपर्वाई केली की नाही, हा वेगळा प्रश्न. पण शिक्का बसला तो अख्ख्या बस्तीवर, आणि तिथून पुढे देशभरच्या मुसलमान भाजीवाल्यांवर, बांगडीवाल्यांवर. कित्येक गृहसंकुलांच्या फाटकावर नावं विचारली गेली. ऑगस्ट २०२० मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं म्हटलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

यात एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. मरकज आणि दर्गा एकाच गल्लीच्या आसपास असले तरी दोघांचं जमत नाही. दर्ग्यावरची कव्वाली, नवस, चादर यातल्या बऱ्याच प्रथा तबलीगची विचारसरणी मानतच नाही. दूरचित्रवाणीवर मात्र सगळी बस्ती एकाच रंगाची, एकाच विचाराची दाखवली गेली. ज्यानं कधी तिथल्या एखाद्या पोराबरोबर तासभर गल्ल्या पालथ्या घातल्या असतील, जायकाच्या बायकांच्या हातचं खाल्लं असेल, त्याला ही बातमी ऐकताना निदान चार चेहरे आठवले असतील. ज्यानं 'तो एरिया बरोबर नाही' एवढंच ऐकलं होतं, त्याला काय आठवणार? त्याच वर्षी फेब्रुवारीत ईशान्य दिल्लीत दंगल होऊन ५३ माणसं मेली होती. पर्यटनाच्या कुठल्याही नकाशात न येणारा तो भाग. दिल्लीत जन्म गेलेल्या कितीतरी लोकांनीही तो कधी पाहिलेला नाही.

बस्तीच्या या सगळ्या कामाला २०२१ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. त्या बातमीला मात्र वाहिन्यांवर फारशी जागा मिळाली नाही.

स्टेशनवरची पोरं

निजामुद्दीनला निदान सातशे वर्षांचा इतिहास आहे. पहाडगंजच्या मागच्या गल्ल्यांकडे दाखवायला काय आहे? आपल्या मराठी माणसांना पहाडगंज परकं नाही, तिथं बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. पण नवी दिल्ली स्टेशनवर बाटल्या गोळा करणारी, डब्यात झाडू मारून हात पसरणारी पोरं दिसली की आपण पर्स छातीशी धरतो.

मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' या चित्रपटानंतर १९८८ मध्ये अशा मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट सुरू झाला. या संस्थेनं २००६ पासून पहाडगंज आणि स्टेशनच्या परिसरात 'सिटी वॉक' चालवला. यात गाइड म्हणून पुढे असतात ते एकेकाळी त्याच फलाटांवर राहिलेले तरुण. घरातून का पळालो, पहिली रात्र कुठं काढली, फलाटावर कुणी खाऊ घातलं आणि कुणी लुबाडलं, ते स्वतःच्या तोंडानं सांगतात. मिळणारे पैसे मुलांच्या निवाऱ्यासाठी, शिक्षणासाठी जातात. आदल्याच वर्षी, २९ ऑक्टोबर २००५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर पहाडगंजच्या बाजारात, सरोजिनीनगरमध्ये आणि गोविंदपुरीत बाँबस्फोट झाले होते. लोक त्या गल्लीत पाय टाकायला धजत नसताना परदेशी पाहुण्यांचे छोटे छोटे गट या पोरांच्या मागून तिथं फिरू लागले.

गरिबी दाखवून पैसे मिळवायचे, हे आम्हालाही पहिल्यांदा खटकलं होतं. माणसाच्या दुःखाचं प्रदर्शन मांडायचं का? आणि एखाद्या विशीतल्या पोरानं आपल्या बालपणाची जखम दर आठवड्याला नव्या लोकांपुढे उघडी करावी, हे त्याच्या भल्याचं आहे का? या प्रश्नांची उत्तरं सरसकट देता येत नाहीत. फरक पडतो तो नियमांनी. रस्त्यावरच्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत, हा इथला कडक नियम आहे. मुंबईत धारावी दाखवणाऱ्या 'रिॲलिटी टूर्स'नंही २००६ पासून कॅमेऱ्याला बंदी ठेवली आणि नफ्यातला ऐंशी टक्के वाटा वस्तीतल्या शिक्षणाच्या कामाला द्यायचं ठरवलं. आणखी एक गोष्ट म्हणजे इथं बोलणारा त्या जागेचाच असतो. काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे त्याच्या हातात असतं. काचबंद बसमधून वस्ती दाखवणाऱ्या धंद्यात वस्तीला तोंडच नसतं.

याच दिल्लीत २००८ पासून आझाद फाउंडेशननं झोपडपट्टीतल्या मुलींना ड्रायव्हिंग शिकवलं आणि 'सखा' कॅबच्या रूपानं त्यांना काम मिळालं. रात्रीच्या गाडीनं एकट्या उतरणाऱ्या बाईला गाडी चालवणारी बाई भेटणं, यालाही शांतताच म्हणायचं. ज्या शहरात अंधार पडल्यावर निम्मी माणसं घाबरून चालतात, तिथं दंगल नसली म्हणून काय झालं?

काश्मीरचा धडा

पर्यटन आलं की शांतता आलीच, असा हिशेब मांडणाऱ्यांनी २२ एप्रिल २०२५ विसरू नये. पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांना ठार मारलं. त्यात महाराष्ट्रातले सहा पर्यटक होते आणि पाहुण्यांना वाचवायला धावलेला तिथलाच एक घोडेवालाही होता. त्याआधी दरवर्षी पर्यटकांचे आकडे जाहीर करून काश्मीर शांत झाल्याचं सांगितलं जात होतं. हॉटेलच्या खोल्या भरल्या म्हणजे तंटा मिटला, असं नसतं. बंदूक घेऊन आलेल्याला हॉटेलवाला थांबवू शकत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

पण दुसऱ्या दिवशी काय होतं, हेही पाहायला हवं. २३ एप्रिलला काश्मीर खोऱ्यानं स्वतःहून बंद पाळून हत्याकांडाचा निषेध केला. अडकलेल्या पर्यटकांना तिथल्या टॅक्सीवाल्यांनी, घरमालकांनी सांभाळलं, अनेकांनी पैसे घेतले नाहीत. परतलेल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांनी पत्रकारांना हे आवर्जून सांगितलं. नेमक्या त्याच आठवड्यात, जे कधी काश्मीरला गेलेच नव्हते अशा काही जणांनी देशाच्या वेगवेगळ्या शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांना खोल्या सोडायला सांगितल्या, मारहाण केली. ज्यांच्या डोळ्यांदेखत संकट घडलं, त्यांच्याकडे यजमानांची नावं होती. बाकीच्यांकडे फक्त टीव्ही होता. पर्यटनाचा धंदा शांततेसाठी काही करू शकत असेल तर ते एवढंच, आणि आमच्या मते ते थोडं नाही.

पुढच्या सहलीपूर्वी

तेव्हा दिल्लीची सहल ठरवताना टूरवाल्याला हॉटेलात गरम पाणी मिळेल का, एवढंच विचारू नका. गाइड कुठला आहे, त्याला पगार आहे की फक्त दुकानांचं कमिशन, गाडी वाटेत कुठं थांबणार आणि तिथंच का, हेही विचारा. पहिल्यांदा तो गोंधळेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की उत्तर तयार ठेवील. घरात कुणी म्हणेल, ''अहो, आपण मजा करायला चाललोय, चौकशी समिती म्हणून नाही!'' तेही खरंच. म्हणून सगळी सहल बदलायची गरज नाही, चारपैकी एका दिवसाची सकाळ पुरे.

ही सकाळ निजामुद्दीनला द्यावी असं आम्ही सुचवू. नोव्हेंबर-डिसेंबरात दिल्लीची हवा फार खराब असते, लहान मुलं आणि वडीलधारी मंडळी असतील तर फेब्रुवारी-मार्च बरा. मेट्रोच्या पिंक लाइननं सराय काले खान-निजामुद्दीन स्टेशनवर उतरता येतं, म्हणजे गाडी आणि तिच्याबरोबरचं कमिशन दोन्ही टळतं. चालण्याच्या फेरीची चौकशी आधीच करून ठेवावी. गुरुवारी संध्याकाळी कव्वालीला प्रचंड गर्दी होते, मुलं बरोबर असतील तर तो दिवस टाळावा. डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल जवळ असू द्या. लोकांच्या घरांच्या दारात कॅमेरा रोखू नका. आपल्या ओट्यावर उभं राहून कुणी आपल्या ताटाचा फोटो काढला तर कसं वाटेल, ते आठवा. मुलांना चॉकलेटं, नाणी वाटू नका, त्यापेक्षा आपल्या मुलांना त्यांच्याशी बोलू द्या. क्रिकेटचा विषय काढला की भाषेची अडचण राहत नाही.

शाकाहारी मंडळींनी कबाबांच्या वासानं नाक मुरडू नये, मिर्झा गालिबची मजार तिथं जवळच आहे, तिथं बसावं. मग रस्ता ओलांडून हुमायूनचा मकबरा बघावा. २०२४ मध्ये तिथं नवं संग्रहालयही उघडलं आहे. शेजारी २०१८ मध्ये खुली झालेली नव्वद एकरांची सुंदर नर्सरी आहे. झाडं आणि जुने घुमट असलेल्या या बागेत दिल्लीकर घरून डबे आणून सतरंज्या पसरतात. तिथं आपलीही चादर पसरून दशम्या, चटणी काढावी. शेजारच्या सतरंजीवरून बहुधा काहीतरी देऊ केलं जातं. आणि सहलीत बायकांच्या मनात पहिल्यापासून असलेला, पण कुणी न विचारलेला प्रश्न: होय, तिथं स्वच्छतागृह आहे.